कलम सतरा

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खाली लोखंड सोलतात, वर आम्ही दिवस.

"वीट तुमची नाही, सिमेंट तुमचं नाही,
नकाशा आर्किटेक्टचा, माणसं नलवड्यांची,
मग मॅडम, तुम्ही नक्की काय करता?"
मगदूम अण्णांनी पहिल्याच भेटीत विचारलं,
बशीतला चहा फुंकत.
म्हटलं, आम्ही तुमच्या बाजूनं उभं राहतो.
"उभं राहायचे किती टक्के?"

शिरोलीत त्यांची फौंड्री, बेचाळीस वर्षांची.
जुनं ऑफिस म्हणजे पत्र्याची केबिन.
टेबलावर रोज सकाळी काळ्या वाळूचा थर,
कॅशियर बिडकर त्यात बोटानं तारीख लिहायचे,
मग फडक्यानं पुसायचे.
आता सूनबाईंना काच हवी होती. जर्मनीहून माणसं येतात,
वाळू दिसता कामा नये.

मी सगळं लिहून घेतलं.
कोण काय म्हणालं, कुठल्या तारखेला, कोण गप्प बसलं.
दंडाचं कलमही मीच टाकलं:
उशीर झाला तर दिवसाला इतके, आमच्या फीमधून.
तेजपाल म्हणाला, "मॅडम, आपल्याच पायावर?"
म्हटलं, विश्वास बसू दे.

मग आठ महिने.
टाइल्सचा एक बॉक्स वेगळ्या शेडचा,
मुजावर वायरमनच्या बहिणीचं लग्न,
गणपतीत सुतार गावाला, आणि गावाहून फोन बंद,
पाणी चढलं तेव्हा काचेचा ट्रक तीन दिवस किणीच्या पलीकडं.
या सगळ्याला मी दिवस राखून ठेवले होते,
डाळीच्या डब्यात नोटा ठेवाव्यात तसे.
वेळेत झालं. खरंच झालं.

किल्ली द्यायच्या आदल्या रात्री
प्लगचे पॉइंट मोजायला जुनी वही काढली.
पहिलं पान. माझंच अक्षर.
"खिडकी – भट्टीकडं."

तिसऱ्या नकाशात ती गेली होती.
एसीवाला म्हणाला उष्णता, सूनबाई म्हणाल्या धूळ,
मी म्हटलं ठीक.
अण्णांनी सही केली, परत विषय काढला नाही.
मी त्याला होकार समजले.

पावणेदहाला नलवड्यांना फोन.
"पूर्वेची भिंत फोडायची."
"रंग झालाय मॅडम."
"माहीत आहे."
"पैसे कोण देणार?"
मी इतका वेळ गप्प
की त्यांच्या घरातली मालिका मला ऐकू आली.

अकरा दिवस.
लिंटेल, दुहेरी काच, रबराची पट्टी, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग.
सूनबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या,
निरोप तेजपालकरवी.

बाराव्या दिवशी अण्णा आले. चपला दाराबाहेर काढल्या.
नव्या खुर्चीकडं बघितलंही नाही,
सरळ खिडकीशी.
तिकडं लाडल तिरकी झाली होती, रस साच्यात उतरत होता.
"थंड ओततोयत," ते म्हणाले,
आणि फोन लावून कुणाला तरी एक शिवी दिली,
अस्सल, आणि प्रेमानं नव्हे.

मग माझ्याकडं वळून:
"अकरा दिवस झाले."
"हो."
"कलम सतरा. लिहिलंय म्हटल्यावर कापणार."
"कापा."

चेक आला. दंड वजा, पैशापर्यंत अचूक.
सोबत बिडकरांच्या अक्षरात तपशील:
उशीर, दिवस अकरा.
खिडकीचं कुठं नाव नाही.

आज गोकुळ शिरगावचे एक गृहस्थ आलेत.
मोबाइलवर बंगळूरच्या कुठल्याशा ऑफिसचे फोटो सरकवतायत,
झोपाळा, खोटं गवत, भिंतीवर इंग्रजी सुविचार.
खाली लेथ थांबलीय, चहाची वेळ.
फोटोंच्या आधी, जिना चढताना,
दम लागलेला असताना ते काहीतरी बोलले होते.

"ते पुन्हा सांगा," मी म्हणते.
"कुठलं? ते होय… ते आपलं सहज."

मी पेनाचं टोपण काढते.